एक्याऐंशी वर्षांचा शागीर्द

सुरत शहराच्या ज्या भागात मी राहतो, त्याचे नाव पर्वत पाटिया. हे नाव ऐकून नवखा माणूस डोंगर शोधू लागतो आणि त्याला दिसतात त्या कापडबाजाराच्या इमारती, साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो आणि बारडोलीच्या दिशेने जाणारा गजबजलेला रस्ता. डोंगर राहो, येथे साधे टेकाडही नाही. पर्वत हे मूळ गावाचे नाव, आणि हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी जेथे असते त्या ठिकाणाला गुजरातेत पाटिया म्हणतात, एवढाच या नावाचा अर्थ. या बाजूला आणि शेजारच्या लिंबायत-उधन्याला खानदेशातून आलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून ताप्तीच्या खोऱ्यातील रेल्वेने आमची वडीलधारी मंडळी येथे आली आणि यंत्रमागांसमोर उभी राहिली. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती अशा तीन बोलींत आमचा दिवस जातो. रात्री माग थांबले म्हणजे मात्र कोठेतरी टाळ-मृदंग वाजू लागतात, आणि मग आम्हाला आपण गाव सोडून आलो आहोत याचा विसर पडतो.

अशा वस्तीतल्या एका निवृत्त मराठी शिक्षकाने आज एका इंग्रज जॅझ गिटारवादकाविषयी बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. मलाही ते वाटते. तेव्हा प्रथम हे कसे घडले ते सांगतो.

मी आमच्या भजनी मंडळात तीस-पस्तीस वर्षे पेटीची साथ केली. पेटी हे काही मोठ्या मानाचे वाद्य नव्हे, आणि मीही काही मोठा वादक नव्हे. परंतु अभंगाचे चरण वर चढू लागले की त्यांना खालून आधार देण्याचे काम मी इमानाने केले. पुढे बोटांचे सांधे धरू लागले. द्रुत लयीत बोट पट्टीवर पडावे त्याच्या क्षणभर मागाहून पडू लागले. एके रात्री मंडळातल्या एका तरुणाने मोठ्या आदबीने म्हटले, "गुरुजी, आता तुम्ही नुसते बसा, आम्ही वाजवतो." त्याच्या बोलण्यात उणे काही नव्हते, परंतु 'नुसते बसा' हे दोन शब्द मी घरी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी पेटीवर कापड घातले आणि ती कपाटावर ठेवून दिली. वेळेवर थांबलो, असे मी स्वतःला समजावीत असे.

अशा मनःस्थितीत असताना जानेवारी २०२३ मध्ये मुंबईला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याचा निरोप आला, "मामा, 'शक्ती'चा कार्यक्रम आहे, या." झाकीर हुसेन यांचा तबला ऐकावयास मिळेल या लोभाने मी पहाटेची फ्लाइंग राणी पकडली. गेलो तबल्यासाठी आणि परत आलो ते एका गिटारवादकाला मनात घेऊन. त्यांचे नाव जॉन मॅक्लॉक्लिन. त्या महिन्याच्या ४ तारखेला त्यांना एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती.

जॅझ हा शब्द आपल्याला परका वाटतो. परंतु त्याचा नाद मराठी कानाला वाटतो तितका परका नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत आकाराला आले. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि त्या काळापासून मुंबईत जॅझने मूळ धरले. ते जोपासले मुख्यतः गोव्याच्या मंडळींनी. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले हे वादक रात्री हॉटेलांत वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. पुणतांब्यात जन्मलेले आपले सी. रामचंद्र यांच्या संगीतात जो पाश्चात्य ठेका अवखळपणे नाचतो, त्यामागे अशाच मंडळींचा हात होता. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाच्या वेळी त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ होते. ती गाणी गुणगुणणाऱ्या आपल्या आई-वडिलांनी जॅझ ऐकले होते. त्याला जॅझ म्हणतात एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. डेव्ह ब्रुबेक १९५८ साली आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ साली मुंबईत वाजवून गेले. १९७८ पासून तेथे 'जॅझ यात्रा' या नावाचा महोत्सवही भरू लागला. यात्रा हा शब्द त्या महोत्सवाला किती सहज शोभला!

गोमंतकीय वंशाचा एक मोठा गिटारवादकही मुंबईने जगाला दिला. अमान्सियो डिसिल्व्हा हे त्यांचे नाव. १९३६ साली मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ पुढे लंडनला गेले आणि तेथे १९६९ मध्ये जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह त्यांनी जी ध्वनिमुद्रिका काढली, तिचे नावच 'हम दोनो' असे आहे. पश्चिमेकडे गेलेल्या गिटारीने आपल्या घरचे सूर बरोबर नेले होते, ते असे. याच सुमारास लंडन सोडून न्यूयॉर्कला गेलेला एक तरुण इंग्रज मात्र उलट दिशेने, म्हणजे आपल्या संगीताकडे, चालू लागणार होता.

त्याची वाट समजण्यासाठी जॅझची रीत थोडी समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे गवई बंदिश मांडतो, मग तिच्याभोवती बढत करतो, उपजेने नवे काही सुचवतो आणि समेवर येतो. जॅझमध्येही आधी एक चाल मांडतात, मग त्या चालीच्या आवर्तनांवर एकेक वादक आपली उपज दाखवतो आणि शेवटी सर्वजण मूळ चालीवर परततात. भेद आहे तो पायाखालच्या जमिनीचा. आपला षड्ज तंबोऱ्यात अचल असतो. रात्रभर गाइले तरी तो हलत नाही. जॅझमध्ये दर काही मात्रांनी खालचे स्वरगुच्छ बदलतात, म्हणजे जमीनच सरकत असते, आणि त्या सरकत्या जमिनीवर वादकाला तोल सांभाळून चालावे लागते. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे. जे वाजवावयाचे ते आधी लिहिलेले नसते. ते त्या क्षणी, समोरच्या माणसांच्या देखत जन्माला यावे लागते.

या संगीतात गिटार फार काळ मागच्या रांगेत होती. तिचा आवाज नाजूक, तेव्हा ठेका धरण्यापुरता तिचा उपयोग. तिला पुढे आणले चार्ली ख्रिश्चन या तरुणाने. १९३९ साली बेनी गुडमन यांच्या ताफ्यात त्याने विजेने आवाज वाढवलेली गिटार वाजवली आणि ती सनई-ट्रम्पेटच्या बरोबरीने बोलू लागली. तो १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. त्याच वर्षी इंग्लंडमधील डॉनकास्टर या गावी मॅक्लॉक्लिन यांचा जन्म झाला. दुसरा थोर वादक म्हणजे जँगो राइनहार्ट. १९२८ साली आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे अधू झाली होती. उरलेल्या दोन बोटांनी त्याने जे वाजवले ते पाच बोटांच्या वादकांना आजही साधत नाही. लहानपणी मॅक्लॉक्लिन ज्यांच्या वादनाने भारले गेले, त्यांत हा जँगो होता. बोटे धरली म्हणून पेटी कपाटावर ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट उशिरा कळली, हे माझे दुर्दैव.

मॅक्लॉक्लिन यांची आई व्हायोलिन वाजवीत असे. वयाच्या अकराव्या वर्षी गिटार त्यांच्या हाती आली. १९६९ च्या प्रारंभी ते न्यूयॉर्कला गेले आणि लवकरच माइल्स डेव्हिस या जॅझमधील सर्वश्रेष्ठ पुरुषाबरोबर ध्वनिमुद्रणाला बसले. त्यांपैकी एका ध्वनिमुद्रिकेतील एका तुकड्याला डेव्हिस यांनी चक्क त्यांचेच नाव दिले. पुढे १९७१ साली त्यांनी 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' हा स्वतःचा ताफा उभा केला. त्यांचे तेव्हाचे आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांनी महाविष्णू हे नाव त्यांना दिले होते. त्या ताफ्याचे संगीत म्हणजे वीज, वेग आणि गर्जना. कठीण तालांची गणिते विजेच्या लखलखाटात सोडवावीत तसा तो प्रकार होता आणि तरुण श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले.

श्रोतेहो, येथवरची कथा यशाची आहे आणि यशाच्या कथा बहुधा सारख्याच असतात. मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. तिशी ओलांडलेला, जगभर नावाजलेला हा वादक त्याच काळात अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्यापुढे वीणा शिकण्यासाठी विद्यार्थी म्हणून बसला. आणि १९७५ मध्ये त्याने गर्जना करणारी ती गिटार बाजूला ठेवली, साध्या लाकडी गिटारीला जवळ केले आणि चार भारतीय वादकांच्या पंक्तीला मांडी घालून बसला. व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर टी. एच. विनायकराम आणि मृदंगावर रामनाड राघवन. हीच ती 'शक्ती'. ५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड येथील एका महाविद्यालयात झालेल्या त्यांच्या मैफलीची ध्वनिमुद्रिका पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली.

त्या गिटारीचेही थोडे सांगितले पाहिजे. गिटारीचे पडदे लाकडात घट्ट बसवलेले असतात. एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेले की स्वर पायरीसारखा उडी घेतो. आपल्या संगीताचा प्राण मात्र दोन स्वरांमधल्या वाटेत असतो. सतारीवर तार ओढून मींड घेता येते, कारण पडदे उंच असतात आणि बोटाखाली जागा असते. मॅक्लॉक्लिन यांनी गिटारीच्या पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट करून घेतले, म्हणजे तार दाबता आणि ओढता येईल. शिवाय वाद्याच्या तोंडावरून तिरप्या अशा सात वेगळ्या तारा बसवून घेतल्या. आपल्याकडच्या तरफा आणि चिकारी यांच्या जवळचे काम त्या करीत. राग शिकावयाचा म्हणून माणसाने आपले वाद्यच कोरून घ्यावे, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. शिष्य म्हणवून घेणारे पुष्कळ असतात. शिकण्यासाठी स्वतःत खाच पाडून घेणारा एखादाच.

'शक्ती'चा पहिला संच १९७७ पर्यंत तीन ध्वनिमुद्रिका देऊन थांबला. वीस वर्षांनी, १९९७ साली, तो नव्या रूपात पुन्हा जमला. आरंभी बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते, पुढे मॅन्डोलिनवर यू. श्रीनिवास आले. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या त्यांच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' या नावाने पुढच्या वर्षी निघाले. त्यात संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा आहेत आणि मुंबईत वाढलेले आपले शंकर महादेवनही आहेत. २०१४ साली श्रीनिवास ऐन उमेदीत, पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. मॅक्लॉक्लिन तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. आपल्याहून तरुण सहकाऱ्याचे जाणे म्हाताऱ्या माणसाला दुहेरी लागते.

पुढे त्यांच्या हाताला संधिवाताने गाठले. २०१७ साली त्यांनी अमेरिकेचा दौरा काढला तो निरोपाचा म्हणूनच. पंचाहत्तरी गाठलेला, हात दुखणारा वादक. त्याने गिटार पेटीत बंद केली असती तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु २०२३ साली 'शक्ती'ला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने हा माणूस पुन्हा भारतात आला, आणि त्यानंतर युरोप-अमेरिकेतही फिरला. त्याच वर्षी जूनमध्ये 'धिस मोमेंट' ही ध्वनिमुद्रिका निघाली. 'शक्ती'ने ध्वनिमुद्रणगृहात बसून केलेली, पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळानंतरची ही पहिलीच मुद्रिका. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

आता त्या मुंबईच्या संध्याकाळकडे येतो. मंचावर पाच जण होते. तबल्यावर झाकीर हुसेन, गायनाला शंकर महादेवन, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, आणि खंजिरा-घटम घेऊन व्ही. सेल्वगणेश. सेल्वगणेश हे पहिल्या संचातील विनायकराम यांचे चिरंजीव. म्हणजे १९७५ साली ज्यांच्या शेजारी बसून वाजवले, त्यांच्या मुलाच्या साथीला हा वृद्ध आता बसला होता. पाचवे ते स्वतः; पांढरे केस, सडपातळ अंग आणि हातात विजेची गिटार.

मी खरे सांगतो, प्रथम मी त्यांच्या बोटांकडेच पाहत होतो. पेटीवाल्याची नजर बोटांवर जाणारच. ती बोटे कोठे अडखळतात, हे शोधण्याचा एक क्षुद्र मोहही माझ्या मनात होता. कारण ती अडखळली असती तर माझे थांबणे शहाणपणाचे ठरले असते. परंतु थोड्याच वेळात माझी नजर बोटांवरून उठली आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेली, ती तेथेच राहिली. हा माणूस ऐकत होता. तबला आणि खंजिरा यांची सवाल-जवाबाची झुंज चाले, तेव्हा किती तरी वेळ त्यांची गिटार गप्प असे. परंतु ते गप्प नसत. मान हलत होती, डोळे हसत होते, एखादी अवघड तिहाई समेवर आली की लहान मुलासारखा आनंद तोंडावर पसरत होता. पन्नास वर्षे ज्याचा तबला ऐकला, त्याचा तबला हा माणूस आज जणू पहिल्यांदाच ऐकत होता. आणि मग आपली पाळी आली की दोन-चार स्वर असे काही ठेवी, की आधीच्या सगळ्या झुंजीचा अर्थ त्यांत यावा. वेग नव्हता असे नाही. तो होता, पण वेग दाखवण्याची घाई संपलेली होती. तरुणपणी त्यांनी किती स्वर वाजवता येतात ते दाखवले. आता किती स्वर वगळता येतात हे दाखवीत होते.

कलावंताने केव्हा थांबावे, हा आपल्याकडचा जुना वाद आहे. क्रिकेटमध्ये सुनील गावस्कर यांनी १९८७ साली आपल्या अखेरच्या कसोटीत शहाण्णव धावांची खेळी केली आणि बॅट खाली ठेवली. ते सर्वांना उचित वाटले. याउलट बालगंधर्वांनी उतारवयातही रंगभूमी सोडली नाही, म्हणून हळहळणारे रसिक होते. त्यांची हळहळ खोटी नव्हती. ज्यांनी पूर्ण चंद्र पाहिला त्यांना उतरती कोर पाहवत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. लोकांच्या जुन्या प्रेमावर जगणारा, स्वतःची नक्कल करीत राहणारा वृद्ध कलावंत आपण सर्वांनी पाहिलेला आहे, आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवताना आपले हात जड झालेले आहेत.

परंतु गाणे म्हणजे क्रिकेट नव्हे. तेथे चेंडूचा वेग समोरचा ठरवतो. येथे लय आपण धरावयाची असते. प्रभाताई अत्रे यांचेच पाहा ना. नव्वदीतही त्या मैफल करीत. १३ जानेवारी २०२४ रोजी एक्याण्णवाव्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्याच दिवशी गाण्यासाठी त्या मुंबईस जाणार होत्या. पुढची मैफल ठरलेली असताना मृत्यू यावा, याहून कलावंताला दुसरे भाग्य कोणते?

माझ्या मते भेद वयाचा नाही, भूमिकेचा आहे. जो वादक शिखरावर एकटा उभा राहण्याची सवय लावून घेतो, त्याला म्हातारपण तेथून ढकलून देते. कारण शिखरावर जागा एकाचीच असते आणि मागून तरुण येतच असतात. जो पंगतीत बसावयास शिकतो, त्याला कोण उठवणार? मॅक्लॉक्लिन यांनी तिशीतच शिखर सोडले आणि पंगतीत जागा धरली. ज्या वयात लोक गुरू होऊ पाहतात, त्या वयात ते शागीर्द झाले, आणि शागिर्दाला निवृत्तीचे वय नसते. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला, तो यशस्वी उस्तादाचा नव्हता. आज काही नवे कानावर पडेल या आशेने बसलेल्या विद्यार्थ्याचा तो आनंद होता.

आणि म्हणूनच त्यांचे मंचावर असणे मला मोलाचे वाटते. ध्वनिमुद्रिका घरी ऐकता येतात. भाच्याने मोबाइलमध्ये सगळ्या भरून दिल्या आहेत आणि मी त्या ऐकतोही. परंतु ध्वनिमुद्रिकेत आपल्याला वाजवणे ऐकू येते, ऐकणे दिसत नाही. माणूस दुसऱ्याचे कसे ऐकतो, हे पाहण्यासाठी त्याच्यासमोरच बसावे लागते. वृद्ध कलावंताने मंचावर का यावे, याचे मला सुचलेले उत्तर एवढेच आहे. जे तो वाजवतो ते कदाचित उद्या दुसरा कोणी अधिक सफाईने वाजवील. जे तो ऐकतो ते मात्र पन्नास वर्षांच्या सोबतीशिवाय ऐकू येत नाही.

त्या सोबतीला पुढे दृष्ट लागली. १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाकीर हुसेन गेले. वय अवघे त्र्याहत्तर. माहीमला जन्मलेल्या या मुलाचा तबला साऱ्या जगाने ऐकला, परंतु तो सर्वांत जवळून आणि सर्वांत दीर्घकाळ ऐकणाऱ्यांत एक हा इंग्रज गिटारवादक होता. नऊ वर्षांनी मोठा माणूस मागे राहिला. बातमी ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तबलजींचा हात आला नाही. आला तो त्या संध्याकाळचा, तबल्याकडे कान देऊन बसलेला पांढऱ्या केसांचा चेहरा. ती मैफल आता पुन्हा होणे नाही. पन्नास वर्षांची ती संगत डोळ्यांनी पाहण्यासाठी मी एक दिवस मोडला आणि गाडीत दाटीवाटीने बसून गेलो, याचे समाधान मात्र आता कोणी हिरावून घेऊ शकत नाही. आपल्या काळातील थोर वृद्धांना ऐकण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

रात्रीच्या गाडीने मी सुरतेला परतलो. पर्वत पाटियाला उतरलो तेव्हा पहाट होत होती आणि कोठेतरी पहिल्या पाळीचे माग सुरू झाले होते. ती खटखट मी लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी तिच्यात मला प्रथमच तीन-तीन आणि दोन-दोन मात्रांचे गट ऐकू आले. घरी गेल्यावर कपाटावरची पेटी खाली काढली. कापडावर धूळ साचली होती. भाता उघडला तर दोन स्वर बसलेले निघाले. ते दुरुस्त करून घेतले.

पुढच्या एकादशीला मी मंडळात गेलो आणि त्या तरुणाला म्हणालो, "बाळ, पेटी तूच वाजव. मी माझी घेऊन तुझ्या मागे बसतो. तू चालीबरोबर धाव, मी फक्त खालचा षड्ज-पंचम धरून ठेवतो." तो थोडा गोंधळला, मग हसला. त्या रात्री मी वाजवले ते जेमतेम दोन-तीन स्वर. परंतु त्या पोराच्या पेटीत काय काय आहे, ते मी पहिल्यांदाच नीट ऐकले. अभंगाच्या तिसऱ्या चरणावर त्याने अशी एक जागा घेतली, की इतकी वर्षे तो चरण वाजवून ती मला कधी सुचली नव्हती. माझ्या तोंडून नकळत वाहवा निघून गेली.

'नुसते बसा' असे त्याने एकदा म्हटले होते. तो म्हणाला त्यात थोडे तथ्य होते. बसावयाचेच होते, फक्त नुसते बसावयाचे नव्हते.